इख आणि इरजन

आमच्या मंडळीला विष द्यायचं होतं आणि त्याच्यासाठी माझी सही पाहिजे होती.

मी चौथी शिकलो. सही येते. पण सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचायला मला अर्धा दिवस लागतो, आणि ते इंग्रजीत असलं तर हा जन्म पुरत नाही. म्हणून मी डॉक्टरीणबाईला म्हणलो, बाई, मी शेतकरी माणूस. कापसाच्या औषधाच्या बाटल्या माझ्या घरात असतात, त्याच्यावर कवटी काढलेली असते, तेवढी मला वाचता येते. तुमच्या कागदावर कवटी नाही. तर तोंडानं सांगा.

पोरगीच होती ती, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. चिडली नाही. कागद उलटा केला आणि पाठीमागं चित्र काढलं. पोरं चिंचा पाडायला लाकडाची बेचकी करतात ना, तसलं. म्हणाली, ही अंगातल्या पहारेकऱ्याच्या जातीची आहे, पण कारखान्यात केलेली. हिला एकच दार ओळखता येतं. तुमच्या बायकोच्या छातीतल्या गाठीत ज्या वाईट पेशी आहेत, त्यांच्या दाराला एक कडी आहे. चांगल्या पेशींना ती कडी नसते, असली तरी किरकोळ. ही बेचकी रक्तातून हिंडत हिंडत जाते आणि ती कडी दिसली की धरून बसते. मग ती पेशी हिला गिळते. बेचकीच्या दांड्याला धाग्यानं विष बांधलेलं असतं, ते आत गेल्यावर सुटतं आणि पेशी मरते. विष इतकं जहाल, की सुटं अंगात सोडलं तर माणूसच राहणार नाही. म्हणून बांधून पाठवायचं.

मी म्हणलो, म्हणजे आमी उंदराला पिठाच्या गोळीतून देतो तसं.

म्हणाली, तसंच. फक्त तुमच्या गोळीला उंदीर ओळखता येत नाही, हिला येतो.

म्हणलो, आमच्या गोळ्या कोंबड्या बी खातात.

तेव्हा तिनं पेन खाली ठेवला. म्हणाली, थोड्या कोंबड्या इथंही मरतात बाबा. धागा कधी वाटेतच सुटतो. मळमळ होईल, जुलाब होतील, केस जातील. आणि कोरडा खोकला आला तर त्याच दिवशी मला कळवायचं, कारण हे कधी कधी फुफ्फुसाला धरतं.

आमची मंडळी बाकावर बसून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "घाला बाई. एवढी वर्षं ह्यांच्यासंग काढली, एवढ्याशा इखानं काय व्हतंय."

डॉक्टरीणबाई मोठ्यानं हसली. मी सही केली.

पैशाचं मी इथं लिहीत नाही. ते रडगाणं वेगळं आहे आणि घरोघरचं आहे, ज्यानं त्यानं आपलं आपलं गावं.

मग तीन आठवड्यांतून एकदा आमची वारी सुरू झाली, दवाखान्याची. आमचं गाव पिंगळीच्या ठेसनापासून चालत जाण्याइतकं. सकाळची गाडी धरायची, मोठ्या शहरात उतरायचं, दिवसभर तिथं बसायचं. तिथं खुर्च्या अशा मऊ की माणसाला वाटावं आपण लग्नाला आलोय. सलाईनच्या पिशवीवर गडद रंगाची खोळ घातलेली असायची. उजेड लागला की औषध बिघडतं म्हणे. मंडळी त्या पिशवीकडं बघायची आणि म्हणायची, नवरीवाणी पदर घेऊन बसलंय बगा माझं इख. शेजारच्या खुर्चीवरची बाई दर वेळी रडायची, पण हे ऐकून ती बी हसली.

पहिल्याच दिवशी तिथल्या सिस्टरनं माझ्या सुनेला बाजूला घेऊन समजावलं. दोनचार दिवस उलटी, लघवी, परसाकडचं काही साफ करायचं असलं तर हातमोजे घालायचे. कपडे वेगळे धुवायचे. पाणी दोनदा ओतायचं. मोजे वापरले की टाकून द्यायचे. सून म्हणाली बरं. सगळं नीट केलं तिनं, नाव ठेवायला जागा नाही. फक्त शेवटचं तेवढं केलं नाही. मोजे टाकायचे कसे? आमच्या घरात तेलाची पिशवी कापून, धुऊन, वाळवून तिच्यात मिरच्या ठेवतात. सिमेंटच्या पोत्याची पिशवी शिवतात. एवढे धडधाकट मोजे एकदा घालून फेकायचे म्हणजे पाप. सुनेनं ते साबणानं धुतले आणि अंगणातल्या तारेवर चिमटे लावून वाळत घातले.

निळे मोजे. पाच बोटं खाली लोंबकळत. वारा आला की हात हलवल्यासारखे हलायचे. आणि आमच्या अंगणासमोर नळ.

पाण्याला आलेल्या बायांनी ते बघितले. दिवस मावळायच्या आत गावभर झालं, की सासूला हात लावायला सून मोजे घालती. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सुनेला विचारलं, तिनं सरळ सांगितलं, अत्याबाईला इखाचं इंजेक्शन चालू हाय. पोरगी खोटं बोलत नाही, हा तिचा दोष.

आता इथं मला इरजनाचं सांगावं लागतं. शहरातले लोक विरजण म्हणतात. दूध कोमट करायचं, त्यात चमचाभर जुनं दही घालायचं, सकाळी दही तयार. हे सगळ्यांनाच येतं. पण आमच्या मंडळीच्या हातचं इरजन गल्लीत वेगळं होतं. का, ते मला माहीत नाही. म्हैस सगळ्यांचीच काळी आणि सगळ्यांचीच कडबा खाते. पण तिचं दही सुरीनं कापावं असं लागायचं, आंबट नाही, तार नाही. ती ते लग्नात माहेराहून वाटीत घेऊन आली होती, आणि तेव्हापासून ते मोडलं नव्हतं. रोज संध्याकाळी गल्लीतल्या बाया वाटी घेऊन यायच्या. दिवा लागायच्या आत. दिवा लागल्यावर घरातून इरजन द्यायचं नाही, मीठ द्यायचं नाही, हे तिचं पक्कं होतं. एकदा दिवा लागल्यावर सरपंचाची बायको आली तर तिला बी मोकळी वाटी घेऊन परत पाठवली. इरजनाचे पैसे कुणी देत नाही आणि कुणी घेत नाही. नुसतं यायचं, बसायचं, वाटीतलं बोटावर घेऊन चाटायचं, गोड हाय का आंबट ते बघायचं, आणि मग सगळ्या गावाची खबर घेऊन-देऊन जायचं. आमच्या मंडळीचा तो दरबार होता. मी बाजेवर पडून ऐकायचो आणि झोपलोय असं दाखवायचो.

मोजे वाळत पडले आणि दरबार बंद झाला.

पहिल्या दिवशी ती वाटी घेऊन दारात बसली, कुणी आलं नाही. म्हणाली, आज कुणाकडं काही तरी असल. दुसऱ्या दिवशी बी बसली. मग आमचा चुलत भाऊ आला.

हा भाऊ आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्याचं वर्णन केल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कापसावर फवारताना तो उघडा असतो. बाटलीचं बूच दातानं काढतो. टाकीतलं औषध काठीनं ढवळायचं, पण काठी शोधायचा कंटाळा, म्हणून कोपरापर्यंत हात घालतो. त्याच हातानं तंबाखू मळतो आणि त्याच हातानं मला देतो. औषधाचा रिकामा डबा धुऊन तो गोडंतेल आणायला वापरतो, कारण डबा मजबूत असतो. तर असा हा माणूस माझ्या ओट्यावर आला. छातीच्या केसांत औषध वाळून पांढरं झालेलं, आणि वास असा की म्हशीनं तोंड फिरवलं. म्हणाला, "दादा, राग मानू नगा. वहिनीला इख चालू हाय म्हणतेत. आमचं लेकराबाळाचं घर हाय. काही दिस तुमचं इरजन नगं."

मी म्हणलो, तू आधी आंघोळ कर.

म्हणाला, सकाळी करतो की.

मंडळी दारात होती. तिनं सगळं ऐकलं. वाटी उचलून आत गेली. पण इरजन लावायचं तिनं बंद केलं नाही. रोज तेवढंच लावायची, गल्लीला पुरेल इतकं, आणि रोज वाटी घेऊन दारात बसायची, दिवा लागेपर्यंत. केस गेलेले, डोक्यावर पदर घट्ट. मळमळायचं तेव्हा उंबऱ्याला टेकून बसायची. मी म्हणायचो, कशाला बसतीस, आत पड. म्हणायची, कुणी आलं आणि मी न्हाई असं व्हायला नगं. आणि खरं सांगतो, त्या दुखण्यात तिला गाठीची जेवढी फिकीर नव्हती तेवढी ह्याची होती, की कुणी तरी एकदा वाटी घेऊन यावं.

इकडं आमच्या घरात ताकाचा पूर आला. सकाळी ताक, दुपारी कढी, संध्याकाळी पुन्हा ताक. पोरगा म्हणाला, बाबा, मला आता स्वप्नात रवी दिसायली. म्हशीला सुद्धा पाजायचो, आणि ती आपलंच आपल्याला परत पाजतेत म्हणून संशयानं बघायची.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईला विचारलं. म्हणलो, बाई, हिच्या हाताचं दही खाल्लं तर लोकाला इख बाधतं का? ती म्हणाली, नाही हो बाबा. हात धुऊन काय पाहिजे ते करू द्या. ते विष रक्तातून जातं, बोटातून दह्यात उतरत नाही. आणि मोजे धुऊन वापरू नका म्हणून सुनेला सांगा. मी म्हणलो, त्याला आता उशीर झाला.

दहीवाल्या गल्लीला मी हे सांगून बघितलं. लोक मान हलवायचे आणि वाटी काही आणायचे नाहीत. मग मला एक युक्ती सुचली. गावाच्या फाट्यावर एक हॉटेल आहे, चहा आणि भजी. मालक माझ्या ओळखीचा. तो शहरातून दही आणून विकायचा, आणि आमच्या गल्लीतल्या बाया आता तिथूनच न्यायच्या. ते दही पातळ, त्याचं इरजन लावलं तर तार सुटायची. मी मालकाला म्हणलो, मी तुला दररोज डबाभर दही आणून देतो, फुकट. शहरातलं म्हणून वीक. त्यानं एकदा डब्यात बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि कारण विचारलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचं कारण विचारायची त्याला सवय नव्हती.

असं ते दही दुसऱ्याच्या नावाला बांधून मी गल्लीतल्या घराघरात पोचवलं. कुणी ओळखलं नाही. सगळ्यांनी गिळलं.

आता चुलत भावाच्या बायकोचं सांगतो. मी तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडं भासऱ्याशी बाई तोंडानं बोलत नाही, पदर घेते आणि दुसऱ्याकरवी बोलते. तर एवढी वर्षं ही माझ्याशी आमच्या मंडळीकरवी बोलायची. मी हातभर अंतरावर बसलेलो असलो तरी म्हणायची, अक्का, दादांना इचारा, औंदा सोयाबीन कसं व्हईल. मी म्हणायचो, सांग तिला, मी काय हवामान खातं न्हाई. आणि मंडळी तिला सांगायची, ते म्हणतेत बरं व्हईल. मी शिवी दिली तरी ती साखर लावून पोचायची. असं आमचं गोड चाललं होतं.

ही बाई एकदा भिंतीवरून म्हणाली, लांबूनच, पदर तोंडाला लावून: अक्का, फाट्यावर शहराचं दही येतंय, लय गोड. माझं इरजन आता तुमच्यावाणीच लागायलंय.

मी तोंडात पंचा कोंबून हसलो. भावजय गेल्यावर मंडळीला सगळं सांगितलं. मला वाटलं ती खूश होईल. 

"चोरून खाऊ घालायलाव व्हय तुमी लोकाला?"

मी म्हणलो, त्यायनी तुझं खावं म्हणून केलं.

"त्यायनी खावं असं मला वाटत न्हाई. त्यायनी मागावं असं वाटतंय." आणि म्हणाली, "उद्यापासून डबा नेला तर मी इरजन मोडून टाकते."

डबा बंद झाला. फाट्यावर पुन्हा शहरातलं खरं दही आलं, पातळ. बायांनी हॉटेलवाल्याला धारेवर धरलं, की ते चांगलं दही कुठं गेलं. त्यानं बिचाऱ्यानं किती दिवस सांभाळायचं? म्हणाला, बायांनो, ते तुमच्याच गल्लीतलं होतं.

मला वाटलं आता गल्ली माझं घर जाळणार. पहिला दिवस तसाच गेला. ज्याला त्याला आपलं पोट आठवलं. एकाला दोन आठवड्यापूर्वी ढेकर आला होता, तो आता विषाचा निघाला. एका बाईच्या पोराला खरूज झाली होती, ती दह्याच्या आधीची होती पण तिनं तारीख पुढं सरकवली. चुलत भाऊ ओट्यावर येऊन म्हणाला, दादा, तुमी आमाला इख चारलं. म्हणत म्हणत तंबाखू मळत होता, फवारणीच्या हातानं.

आणि मग दुसऱ्या गल्लीतली एक म्हातारी म्हणाली, माझे गुडघे दुखायचे राहिले.

एवढंच. ती म्हातारी गुडघ्यासाठी काय काय करते, तेल लावते, शेक देते, देवाला बोलते, सगळं चालूच होतं. पण म्हणाली, फाट्यावरचं दही खाल्लं आणि गुडघे राहिले. झालं. जी गल्ली विष म्हणून पळत होती तीच आता म्हणायला लागली, अहो, लाखाची दवाई बाईच्या अंगात जाते, ती कुठं तरी उतरणारच. दह्यात उतरते. ज्याच्या त्याच्या पोटातला ढेकर आता गुण आल्याचा निघाला.

दारात रांग लागली. पण वाटी घेऊन नाही, बाटल्या घेऊन. पालमकडून एकजण मोटारसायकलवर आला, साखरेच्या दुखण्याचा. पाण्याची रिकामी बाटली पुढं केली आणि अगदी डॉक्टरला विचारावं तसं हळूच विचारलं, बाई, कोणत्या दिवसाचं दही जास्त कडक असतंय? सलाईनच्या दुसऱ्या दिवसाचं का तिसऱ्या?

मंडळी म्हणाली, "बाबा, इख माझ्या अंगात हाय, म्हशीच्या न्हाई."

तो म्हणाला, बरोबर हाय, पण तरी बी द्या.

चुलत भाऊ बी आला. त्याचा खांदा धरला होता, फवारणीचा पंप वागवून. म्हणाला, दादा, खायचं न्हाई, नुसतं चोळायला थोडं. मी म्हणलो, काल म्हणलास इख. म्हणाला, चोळायला चालतंय की.

तिनं एकालाही दिलं नाही. दिवा लवकर लावून टाकायची. ऊन असताना दिवा लावायची आणि म्हणायची, दिवा लागला, आता काही न्हाई. लोक दिव्याकडं बघायचे, उन्हाकडं बघायचे आणि जायचे. त्या दिवसांत मी तिला जेवढं हसताना बघितलं तेवढं लग्नात बी नाही बघितलं. पण आत आली की गप्प व्हायची. एकदा म्हणाली, हे बी मागणं न्हाई. हे दवाखान्याला आलेत. माझ्याकडं कुणी आलंच न्हाई.

गाठ तोवर बारकी झाली होती. डॉक्टरीणबाईनं फोटो दाखवला, आधीचा आणि आताचा. मला दोन्हीत पांढरं धुकंच दिसलं, पण ती खूश होती म्हणून मी बी मान डोलावली. बेचकीनं दार बरोबर ओळखलं होतं.

लोकांचे गुडघे पुन्हा दुखायला लागले तशी रांग आपोआप मोडली. आणि एका दिवशी, ऊन उतरलेलं, दिवा लागायला अजून वेळ, भावजय आली. पदराखाली वाटी. मी बाजेवर होतो. ती उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"अक्का, इरजन द्या."

मंडळीनं वर सुद्धा बघितलं नाही. "कशाला? गुडघ्याला का साखरेला?"

"कढीला. लेक आलीय. तुमच्या इरजनाची कढी नसली की ताट सरकवती."

मंडळीनं बाहेर बघितलं, ऊन किती आहे ते. मग म्हणाली, बस. भावजय बसली. मंडळीनं आतून गाडगं आणलं, चमच्यानं वाटीत दही घातलं. भावजयीनं वाटी घेतली आणि काही विचार न करता, जशी आधी करायची तशी, वाटीच्या काठावरचं बोटानं काढलं आणि चाटलं. म्हणाली, आज जरा गोडच हाय. मग गावातलं कुणाचं काय, ते सुरू झालं. लेकीच्या सासरचं, दुसऱ्या गल्लीतल्या भांडणाचं, सरपंचाच्या बायकोच्या नव्या दातांचं. दिवा लावायची वेळ टळून गेली तरी दोघी उठल्या नाहीत.

ती गेल्यावर मंडळी मला म्हणाली, "बगितलं का? बोट चाटलं."

मी म्हणलो, बगितलं.

मग गल्ली आली, एकेक करून, वाट्या घेऊन. माफी कुणी मागितली नाही. आमच्याकडं माफी मागत नाहीत, वाटी पुढं करतात.

पुढं खोकला आला. कोरडा. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं तसं त्याच दिवशी पोरानं फोन लावला, आमी त्याच आठवड्यात गेलो. औषध थांबवलं. थोड्या कोंबड्या मेल्या होत्या. खोकला गोळ्यांनी बसला, पण औषध परत सुरू करता येईना, आणि गाठ आपली वाटच बघत होती. दुसरीकडं उठली. डॉक्टरीणबाई आमच्याशी खोटं बोलली नाही, त्याचं मला बरं वाटलं. इतर लोक लय खोटं बोलले. आता चांगल्या दिसायल्यात, असं जो तो म्हणायचा आणि मंडळी म्हणायची, आरसा आमच्याकडं बी हाय. शेवटी शेवटी तिला उठवत नव्हतं, तर सून इरजन लावायची आणि ती बाजेवरून सांगायची, दूध लय तापवू नगं, बोट घालून बघ. ती घरीच गेली, सकाळची, म्हैस दोहायच्या वेळेला. मी धार काढत होतो.

तेराव्यापर्यंत घर माझं नव्हतं, पाहुण्यांचं होतं. कोण कुठं बसणार, कोण काय खाणार, ह्याच्यावर एवढं भांडण झालं की मेलेलं माणूस बाजूलाच राहिलं. एक दूरचा पाहुणा मला समजावत होता, की दवाखान्याला नेलं म्हणून गेली, अंगाऱ्यानं राहिली असती. त्याला मी जेवायला दुसऱ्यांदा वाढू दिलं नाही. एवढंच माझ्याच्यानं झालं.

सगळे गेल्यावर सुनेनं ताटात दही वाढलं. मी घास घेतला आणि ताट सरकवलं. फाट्यावरचं होतं. मी म्हणलो, आपलं इरजन? सून रडायला लागली. सुतकात घरातलं शिजलेलं, विरजलेलं सगळं बाहेर टाकतात. पाहुण्या बायांनी गाडगं रिकामं करून, फोडून टाकलं होतं. रीत आहे. माहेराहून वाटीत आलेलं, एवढी वर्षं न मोडलेलं इरजन उकिरड्यावर गेलं आणि कुणाच्या लक्षात बी आलं नाही. मी बाहेर येऊन बाजेवर बसलो. तिला जाऊन एवढे दिवस झाले होते, पण खरं सांगतो, ती गेली ते मला तेव्हा कळलं.

ऊन उतरायला लागलं. मी उठलो, तिची ती वाटी घेतली आणि चुलत भावाच्या दारात गेलो. तो रानात होता. भावजय चुलीपाशी. मला बघून तिनं पदर घेतला आणि उभी राहिली. मी बी उभा राहिलो. आता बोलायचं कुणाकरवी? आमच्यामध्ये जी होती ती नव्हती. दारात एक कोंबडी दाणे टिपत होती. शेवटी मी कोंबडीकडं बघून म्हणलो, इरजन हाय का म्हणावं.

भावजयीनं बाहेर बघितलं, ऊन किती आहे ते. मग ती बी कोंबडीकडं बघून म्हणाली, हाय म्हणावं, दिवा लागायचाय अजून.

तिनं माझ्या हातातून वाटी घेतली, आत गेली, भरून आणली. पदर थोडा मागं सरकला होता, तिनं नीट केला नाही.

"दादा," ती म्हणाली, मलाच. "अक्काचंच हाय ते."

मी वाटी पंच्याखाली झाकून घरी आणली, जशी बाया आणतात तशी. सुनेला म्हणलो, दूध लय तापवू नगं, बोट घालून बघ.

सकाळी लागलं होतं. सुरीनं कापावं असं. सुनेनं ताक केलं. मी ओट्यावर गिलास घेऊन बसलो होतो तर चुलत भाऊ फवारणीहून आला, उघडा, छातीवर पांढरं, कमरेला पंचा. म्हणाला, दादा, घसा लय कोरडा पडलाय, मला बी द्या. आणि हात पुढं केला.

मी म्हणलो, हात धू.

म्हणाला, रोजचंच हाय की दादा.

मी म्हणलो, "साबणानं धू. तिचं हाय ते."

 तो हौदाकडं गेला. लय वेळ धुतले त्यानं, कोपरापर्यंत, साबण लावून, दोनदा. परत आला आणि हात फवारणीच्याच पंच्याला पुसले. मी त्याला गिलास दिला.